गारखेड्याचं गाणं

आमच्या शहरात रॉक संगीत चालणार, हे मुंबईत ठरलं. आमच्या शहराचं बरंच काही तिथंच ठरतं, त्यामुळं आम्हाला त्यात फारसं नवल वाटलं नाही. मी तेव्हा जालना रोडवरच्या एका खासगी एफएम रेडिओ स्टेशनात कार्यक्रमप्रमुख होते. प्रमुख म्हणजे माझ्या हाताखाली दोन निवेदक होते आणि डोक्यावर पंख्यासकट सगळं मुख्य कार्यालय होतं.

ती दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडी तळाला गेलं होतं आणि 'मृतसाठा' हा शब्द शाळकरी पोरांनाही पाठ झाला होता. नळाला पाणी आठवड्यानं यायचं, कधी त्याहूनही उशिरा. येण्याची वेळ विचारायची सोय नव्हती. आणि त्याच वर्षांत शहर असं वाढत होतं, की जणू पाण्याशिवाय वाढायचा शोध आम्हीच लावलाय. ज्या रानात ज्वारी उगवायची थांबली, तिथं 'लेक व्ह्यू' नावाच्या इमारती उगवायच्या. तळं कुठं आहे, ते बिल्डरला माहीत असावं.

अशा वेळी मुख्य कार्यालयातून आमचे साहेब आले. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. मॉल, उड्डाणपूल, वाळूजचे कारखाने, परदेशी मोटारींची शोरूम. मग म्हणाले, "हे आता मोठं शहर झालंय. मोठ्या शहराला रॉक लागतो. इथं बाकी सगळे तीच ती हिंदी गाणी वाजवतायत. आपण वेगळं देऊ."

"सर, आधी लोकांना विचारून बघायचं का?" मी म्हणाले.

"लोकांना काय हवंय ते लोकांना माहीत नसतं. ते आपण सांगायचं असतं."

एवढा आत्मविश्वास मी त्याआधी फक्त पाणाड्यांमध्ये पाहिला होता. तळहातावरचा नारळ उभा राहिला की बोअरला इथंच पाणी लागणार, असं ते छातीठोक सांगतात. साहेबांचा नारळ म्हणजे मॉलमधली काळे टी-शर्ट घातलेली पोरं. आदल्या संध्याकाळी ते स्वतः मॉलमध्ये फिरून आले होते आणि कवटीचं चित्र छातीवर मिरवणारी पोरं त्यांना फार दिसली होती. हे टी-शर्ट गुलमंडीत ढिगानं विकायला असतात आणि कवटीचा सगळ्यात स्वस्त पडतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. आनंदात असलेल्या वरिष्ठांना माहिती देऊ नये, हे मी घरातच शिकले होते. आमचे आजोबा पूजा सांगायचे आणि वडील कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. दोघांनीही आयुष्यभर समोरच्याला हवं तेच योग्य शब्दांत सांगितलं.

रॉकसाठी नवा निवेदक हवा होता. बरीच मुलं-मुली आली. इंग्रजी शाळांत शिकलेली, नाकातून बोलणारी. साहेबांना एकही पसंत पडेना. शेवटी एक उंच मुलगा आला. खांद्यापर्यंत केस, दाढी वाढलेली, आवाज घोगरा. साहेब खुर्चीत पुढं सरकले. "याच्या आवाजात बंड आहे," ते माझ्या कानात म्हणाले. त्याला सर्दी झाली होती. केसांचं म्हणाल, तर तो घरच्या देवाचा नवस होता. धाकट्या बहिणीचं दुखणं बरं झालं होतं आणि येत्या जत्रेत ते उतरवायचे होते. साहेबांनी त्याला करारात केस न कापण्याची अट घातली. देवाला थांबावं लागलं.

मुलगा वैजापूर तालुक्यातला. घरी मेंढरं. वडील त्या वर्षी चारा-पाणी शोधत गोदावरीच्या काठानं कळप घेऊन फिरत होते. हा इंजिनिअर झाला होता आणि वाळूजला नोकरी शोधत होता. साहेब गेल्यावर मी त्याला विचारलं, "खरंच ऐकतोस का रे ही गाणी?"

"ऐकतो ना मॅडम. हॉस्टेलात रूममेटनं ऐकवली. सगळी समजत न्हाईत, पण लई आवडतात. पयलं ऐकलं तवा वाटलं, जत्रेतले ढोल वाजायलेत."

त्या सगळ्या मुलाखतींत रॉकबद्दल मला कळलेलं हे एकच वाक्य होतं.

पण साहेबांना ढोल नको होते. त्यांना निवेदकाचे उच्चार 'इंटरनॅशनल' हवे होते. पोरानं आठवडाभर आरशासमोर सराव केला. कार्यक्रम सकाळचा ठेवला, ऑफिसला जाणाऱ्या तरुणांसाठी. बाकीचे कार्यक्रम मुंबईत आधीच ध्वनिमुद्रित होऊन यायचे, माझे दोघे निवेदक ते फक्त वेळेवर सुरू करायचे. आमच्या शहरातून थेट बोलला जाणारा हा एकच. गाण्यांची यादीसुद्धा मुंबईहून यायची. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, एवढंच त्याच्या हातात होतं.

पहिल्या दिवशी मी घरी गेले तेव्हा वडील बाल्कनीत बसले होते. ते म्हणाले, "ऐकला कार्यक्रम. त्या मुलाच्या तोंडात काही होतं का?"

"नाही हो बाबा. तसेच उच्चार हवेत."

"असं. आणि मागं दुरुस्ती चालू होती, ती कधी संपणार?"

श्रोत्यांचे फोनही याच वळणाचे होते. एका गृहस्थांनी शांतपणे विचारलं, की गाणं कधी सुरू होणार, मघापासून नुसतं मशीनच चालू आहे. गुलमंडीतल्या साड्यांच्या दुकानदारानं मला दुकानात बोलावून घेतलं. चहा पाजला आणि म्हणाला, "मॅडम, ये क्या लगा रख्या है तुमने? माझी पैठणीची जाहिरात, अन् त्याच्या आधी तो माणूस असा वरडतो, जसं त्याचं बोट दारात सापडलंय. गिऱ्हाइकाला वाटतंय इथं काहीतरी झालं." त्यानं जाहिरात काढून घेतली. मग बाकीच्यांनीही घेतली.

टिकला तो एकच, बोअरवेल खोदणारा ठेकेदार. त्याला कार्यक्रमाच्या नावातला 'रॉक' आवडला होता. "आमच्या धंद्यात रोज रॉकच लागतो मॅडम," तो म्हणाला. "पाणी कवाबवा." त्याच्या जाहिरातीत खोदकामाच्या मशीनचा आवाज होता. जाहिरात कुठं संपते आणि गाणं कुठं सुरू होतं, हे शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. तक्रारही आली नाही.

असे दोन-तीन महिने गेले. श्रोत्यांच्या आलेखाची रेघ जायकवाडीच्या पातळीसारखी खाली चालली होती. साहेब फोनवर म्हणायचे, "वेळ द्या. शहर परिपक्व होतंय."

मग एका सकाळी सिडकोतून एका बाईंचा फोन आला. निवेदक आपल्या इंटरनॅशनल उच्चारांत त्यांना विचारत होता, की कुठलं गाणं ऐकायला आवडेल. बाई म्हणाल्या, "गाणं राहू दे भाऊ. आमच्याकडं आज पाणी येणारे का, तेवढं सांग. सगळीकडं फोन लावून झाले, कुणी उचलत नाही. तुझाच लागला."

काचेपलीकडं मी हातानं 'फोन ठेव' अशी खूण करत होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माइककडं पाहिलं. आणि आरशासमोर घोटलेले उच्चार एका क्षणात गेले.

"काकू, मला कसं माहीत असणार. पण थांबा, विचारू. ऐकायलेत त्यांनी सांगा बरं, सिडकोत कुणाकडं आलंय का पाणी?"

फोनची बटणं एकदम लुकलुकायला लागली. कार्यक्रम सुरू झाल्यापासून एवढे दिवे मी एका वेळी पाहिले नव्हते. एकानं सांगितलं, आमच्या गल्लीत आत्ताच आलं, काकूंना म्हणावं मोटार लावा. दुसरी म्हणाली, गारखेड्यात काल येणार होतं ते आज दुपारी येतंय. तिसरा जुन्या शहरातून बोलत होता, "हमारे इधर तो आ के गया भी." पुढच्या आठवड्यात तर एक लाइनमन स्वतःच फोन करायला लागला. पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा हा माणूस. रस्त्यात दिसला की लोक त्याला घेरायचे. त्याला वाटलं, रेडिओवर एकदा सांगितलं की आपला जीव सुटेल. नाव सांगायचा नाही. "खोलतोय," एवढंच म्हणायचा, भाग सांगायचा आणि फोन ठेवायचा.

महिनाभरात आलेखाची रेघ अशी वर गेली, की साहेबांना वाटलं काहीतरी बिघाड आहे. बिघाड नाही म्हटल्यावर त्यांचा आनंद मावेना. पण त्यांनी एका दिवसाचं ध्वनिमुद्रण ऐकलं आणि लगेच फोन केला. "बोलणं फार होतंय. रॉक म्हणजे कमी बोलणं आणि जास्त गाणं. लोक गाण्यांसाठी येतायत. त्यांच्या मध्ये येऊ नका."

"सर, लोक पाण्यासाठी..."

"बोलणं बंद. फार तर गाणं कुणाला तरी अर्पण करा. ते चालतं."

मी निवेदकाला निरोप दिला. तो म्हणाला, "अर्पण चालतं ना ताई? मग झालं."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं गाणी अर्पण करायला सुरुवात केली. लाइनमनचा फोन आला की तो म्हणायचा, "हे गाणं गारखेड्याच्या मित्रांसाठी," आणि गारखेड्यात बादल्या वाजायच्या. शिवाय गोंधळ नको म्हणून त्यानं प्रत्येक भागाला एक गाणं ठरवून दिलं. नुसत्या ड्रमनं सुरू होणारं होतं ते सिडकोचं. ज्यात तो माणूस बोट सापडल्यासारखा ओरडायचा, ते जुन्या शहराचं. गारखेड्याला त्यानं स्वतःच्या आवडीचं दिलं होतं. सुरुवातीला एकटी गिटार सावकाश, बराच वेळ वाजत राहायची, आणि मग सगळे एकदम तुटून पडायचे. हळूहळू अर्पण ऐकायचीही गरज उरली नाही. गाणं सुरू होताच लोक ओळखायचे. आमच्या शेजारच्या काकू, ज्यांना भजनाशिवाय काही चालत नसे, त्या ड्रमचे पहिले ठोके ऐकून पदर खोचायच्या. वडिलांनी ट्रान्झिस्टर गच्चीवरच्या टाकीशेजारी नेऊन ठेवला. एकदा गंभीरपणे मला म्हणाले, "जुन्या शहराचा गायक आज जरा बसल्यासारखा वाटला. दाब कमी असावा."

शहराच्या कडेला ज्या नव्या वसाहती झाल्या होत्या, तिथं नळच नव्हते. सगळा कारभार टँकरवर. तिथून शिष्टमंडळ आलं. चार सद्गृहस्थ, हातात अर्ज. "सगळ्यांना गाणी दिलीत. आम्हीच काय पाप केलंय?"

"पण तुमच्याकडं पाइपलाइनच नाही," मी म्हणाले.

"ती येईल तेव्हा येईल. निदान गाणं तरी द्या."

निवेदकानं त्यांना एक गाणं दिलं. ते कधी वाजवायचा प्रसंग आला नाही, पण ते समाधानानं गेले.

साहेबांकडं आता आकडे जमले होते. ठरावीक गाण्यांसाठी शहर वेडं झालंय, असं आकडे म्हणत होते. ते पुन्हा आले. या वेळी बरोबर संशोधन करणारी एक बाई होती. एका हॉटेलच्या थंडगार खोलीत श्रोत्यांना बोलावलं, बिस्किटं दिली. त्या बाईनं विचारलं, "ही गाणी ऐकल्यावर तुमच्या मनात पहिली भावना कुठली येते?"

गारखेड्याच्या एक गृहिणी म्हणाल्या, "मोटार लावावीशी वाटते."

बाईनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. बाईनं लिहून घेतलं, 'वेगाची ओढ'.

"आणि गाणं संपल्यावर?"

"रिकामं वाटतं," एक निवृत्त शिक्षक म्हणाले. "गेलं की पुन्हा आठवडाभर वाट बघायची."

साहेबांचे डोळे खरोखर पाणावले. त्या शहरात त्या वर्षी कारणाशिवाय आलेलं तेवढंच पाणी असेल. मी त्यांना जेवताना सगळं सांगायचा प्रयत्न केला, अगदी सरळ शब्दांत. ते ऐकत होते. मग म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या यशाला कमी लेखताय. छोट्या शहरातल्या माणसांचा हाच प्रॉब्लेम असतो." सकाळपर्यंत आम्ही मोठं शहर होतो.

आता त्या मुलाची गोष्ट सांगायला हवी. त्याला सगळे ओळखायला लागले होते. भाजीवाले त्याला भाव कमी लावायचे. पण तो दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. एका सकाळी लाइनमनचा फोन आलाच नव्हता. कुठं पाणी नव्हतं, कुणाला काही अर्पण करायचं नव्हतं. त्यानं यादी वर-खाली केली आणि गारखेड्याचं गाणं लावलं. डोळे मिटून खुर्चीत मागं रेलला. त्या कार्यक्रमात तो स्वतः ऐकतोय असं मी पहिल्यांदाच पाहत होते. काय होतंय हे माझ्या लक्षात येईपर्यंत गिटार सुरू झाली होती.

तासाभरात जिन्यात गलका झाला. गारखेड्याहून रिक्षा करून बायका आल्या होत्या, रिकाम्या घागरी-बादल्या घेऊन. पुढं होत्या त्या मावशींनी कंपनीतली पाळी बुडवली होती. त्यांनी बादली माझ्या टेबलावर ठेवली.

"गाणं लावलं. पाणी कुठंय?"

निवेदक आतून बाहेर आला. "मावशी, चुकलं. पाण्याचं नव्हतं ते. आज असंच लावलं."

"असंच म्हणजे?"

"मला आवडतं ते गाणं. म्हणून लावलं."

मावशी त्याच्याकडं बघत राहिल्या. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "बाळा," त्या म्हणाल्या, "आवडीची गाणी घरी ऐकावी. इथं कशाला?"

इमारतीच्या टाकीत सकाळीच टँकर रिकामा झाला होता. निवेदकानं सगळ्यांच्या घागरी एकेक करून भरून दिल्या आणि खाली रिक्षापर्यंत नेऊन ठेवल्या. इमारतीचा सेक्रेटरी माझ्याशी नंतर महिनाभर बोलला नाही. वर आल्यावर पोरगा म्हणाला, "ताई, आमच्या बापाचं बरंय. मेंढराला शिट्टी घातली तर मेंढरू तरी शिट्टीलाच येतं." मग स्वतःच हसला आणि म्हणाला, "ते बी पाण्यालाच येतं म्हणा."

त्यानंतर त्यानं एकही गाणं आवडीनं लावलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात नाशिककडं बक्कळ पाऊस झाला. आमच्याकडं भुरभुर होती, पण वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि जायकवाडी भरलं. नळाला पाणी रोज येऊ लागलं असं नाही, तशी सवय आमच्या शहराला कुणी लावली नाही. पण आठवड्याचं अंतर कमी झालं आणि वेळ ठरली. वेळ ठरल्यावर रेडिओची गरज संपली. शेजारच्या काकू भजनाकडं परतल्या. आलेखाची रेघ ज्या वेगानं चढली होती, त्याहून वेगानं उतरली.

साहेबांनी दरम्यान आमचं यश पाहून एका खऱ्याखुऱ्या मोठ्या शहरात, भरपूर पाण्याच्या नदीकाठी, हाच कार्यक्रम दणक्यात सुरू केला होता. तीच गाणी, तोच क्रम. आमच्या मुलाच्या बोलण्याचे नमुनेही तिकडच्या निवेदकाला ऐकवले. तिथं तो महिनाभरात बंद पडला. तिथल्या श्रोत्यांची अभिरुची अजून तयार नाही, असा निष्कर्ष निघाला. आमची आधी तयार होती, मग बिघडली. साहेबांना बढती मिळाली आणि ते भक्तिसंगीताकडं गेले.

आमचा कार्यक्रम बंद करायचं पत्र आलं. शेवटच्या सकाळी मी निवेदकाला म्हणाले, "आज यादी राहू दे. मुंबईत कुणी ऐकत नाही, इथंही नाही. तुला हवं ते लाव."

"काहीपण?"

"काहीपण."

त्यानं स्वतःची गाणी आणली होती. मुंबईच्या यादीत कधी न आलेली, लांबलचक, कुणाला न परवडणारी. तो मध्ये मध्ये बोलत होता, आपल्या वैजापूरच्या बोलीत. हे गाणं कुठं ऐकलं, तेव्हा बाहेर काय चाललं होतं, कुठल्या जागी अंगावर काटा येतो, एवढंच. फोनचे दिवे विझलेले होते. मला वाटलं, असेच राहतील.

शेवटाकडं एक दिवा लागला. त्यानं फोन घेतला.

"गंगापूरहून बोलतोय," एक माणूस म्हणाला. मागं हॉर्न आणि ओरडाआरडा ऐकू येत होता. "जीप चालवतो. ते आत्ताचं गाणं परत लावता का? स्टँडवर शिटा भरायच्या व्हत्या. गलका लई, नीट ऐकाया आलं नाय."

निवेदक सावध झाला. "तुमच्याकडं पाण्याचं काय?"

"पाण्याचं काय नाय, पाणी हाये. गाणं पायजे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. एकच गाणं लगेच दुसऱ्यांदा वाजवायचं नाही, असा नियम होता. मी मान डोलावली. त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं, आवाज थोडा वाढवला आणि खुर्चीत मागं रेलला.

गाणं मोठं होतं. कार्यक्रमाची वेळ केव्हाच संपली. जाहिरातही त्या दिवशी एकच वाजवायची होती आणि तीही आमचीच: उद्यापासून नव्या रूपात ऐका, तुमची आवडती हिंदी गाणी. ती आम्ही गाणं पूर्ण संपल्यावर लावली.